नदीची दुपार

पाच वर्षांतून एकदाच फळणाऱ्या एका झाडाचं बी आणायला आम्ही तिघं निघालो होतो. माझ्या भाचीच्या प्रबंधाची तीन वर्षं त्या बियांवर टांगलेली होती. मोहिमेचा प्रमुख मी. तसं कागदावर टाइप केलेलं होतं. वनस्पतिशास्त्र शिकवण्याचा माझा अनुभव बावीस वर्षांचा, पैकी एकवीस पंख्याखाली. तिसऱ्या होत्या मावशी, बियाणे-संग्रहालयातल्या बी-वेचक. चौतीस वर्षांत एवढे डोंगर चढल्या, पण बढतीपर्यंत काही पोचल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पायवाट संपली. तिसऱ्या दिवशी माझ्या टाचा सोलल्या. चौथ्या दिवशी नकाशातल्या वाटेचा डोंगराला पत्ताच नव्हता, तेव्हा मावशी पुढे झाल्या. कड्याच्या टोकाला ते झाड दिसलं आणि भाची अक्षरशः नाचली! एकूण एक वेचून बिया मिळाल्या दोनशे अकरा. त्या माझ्या पाठपिशवीत राहतील, असं मी जाहीर केलं. प्रमुखाने काहीतरी जाहीर करायचं असतं.

परतताना दुपारी तीनला आम्ही नदीवर आलो. वरच्या बर्फातून उतरणारी नदी. येताना सकाळी सहज ओलांडलेली.

"आज नको, सर. उद्या पहाटे," मावशी म्हणाल्या.

"आत्ता काय झालंय? तेच पात्र, तेच पाणी."

"पाणी तेच नाही. दिवसभर ऊन खाऊन आलंय ते."

मी उताराचं गणित मांडून दाखवलं. मावशींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. सरांचं ऐकायची त्यांना सवय होती.

"बरं. पण पोरगी इथेच थांबेल. आणि तुमचा कमरेचा पट्टा सोडा."

"पट्टा घट्ट हवा, असं पिशवीच्या माहितीपत्रकातच आहे!"

"माहितीपत्रक नदीत उतरणार आहे का?" असं म्हणत, शाळेत निघालेल्या मुलाचं आवरावं तसं, त्यांनी माझ्या कमरेचं बक्कल उघडलं आणि खांद्याचे पट्टे सैल केले. भाची फिस्सकन हसली.

मी उतरलो. दहा पावलं ठीक. अकराव्याला पायाखालचा दगड फिरला. गेलो! पाणी नाकातोंडात. पिशवी भिजून धोंडा झाली आणि मला खाली ओढू लागली. मी खांदे झटकले. ती निसटली! पण बिया! मी एका हाताने पट्टा पकडला.

"सोडा!" मावशी कमरेएवढ्या पाण्यात काठी पुढे करून उभ्या होत्या. "सर, सोडा म्हणते ना!"

सोडला. काठी धरली. पिशवी एकदा फिरली, वळणापर्यंत दिसली आणि गेली.

काठावर मी बराच वेळ नुसता खोकत होतो. भाचीकडे बघायची हिंमत होईना.

"तुझी तीन वर्षं गेली गं."

ती रडत होती, पण माझे पाय खसाखसा पुसतही होती. "प्रबंधाचा विषय बदलता येतो, मामा. तुला घेतल्याशिवाय घरी गेले असते तर आईने मला दारातच उभं केलं असतं."

"झाड जागेवर आहे," मावशी स्वतःचे मोजे पिळत म्हणाल्या. "पाच वर्षांनी परत फळेल."

"पट्ट्याचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. मी घट्ट बांधून उतरले होते. नशिबाने झुडपात अडकले." मोजे दगडावर पसरत म्हणाल्या, "तेव्हा मीही तुमच्यासारखीच हुशार होते."

बावीस वर्षांत मला इतकं नेमकं कुणी मोजलं नव्हतं. राग यायला हवा होता. डोळे भरून आले.

"मावशी, तुमचे आभार कसे मानू?"

"पहाटे उठून. हाका मारायला लावू नका."

पहाटे त्यांना जाग आली तेव्हा मी बूट घालून काठावर बसलो होतो. पाणी गुडघ्याखाली उतरलं होतं. त्या पुढे झाल्या आणि मोहिमेचा प्रमुख, त्यांनी पाय ठेवलेल्या दगडावरच पाय ठेवत, मागोमाग निघाला.