काल येऊन गेलात

दिगंबर लाटकर एप्रिलअखेर हवामान खात्यातून निवृत्त झाले आणि आठवडाभरात देशभरची रेल्वे संपावर गेली. या दोन घटनांचा परस्परसंबंध नव्हता, असं ते स्वतःच सांगत. साल चौऱ्याहत्तर. बंगलोरला मुलाकडे जायचं रद्द झालं, तेव्हा विजयमालाबाई म्हणाल्या, "तेहतीस वर्षं शनिवार पेठेत काढली, पण पुणं काही पाहिलं नाही. आता तेच दाखवा."

"पुण्यात पाहण्यासारखं काय आहे?"

"बाहेरचे लोक येऊन सांगतात, आहे म्हणून. एकदा खात्री करून घेऊ."

प्यायच्या पाण्याचा फिरकीचा तांब्या घेऊन दोघं निघाले. पहिला सिंहगड. वर गेनबाच्या झोपडीत पिठलं-भाकरीला बसले, तर तो म्हणाला, "आज पुन्यांदा? काल आला व्हता की. तुमी आपलं दही बी बाईंस्नी दिलं व्हतं."

"काल आम्ही घरी होतो," दिगंबरपंत म्हणाले.

"आसंल." गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, अशा सुरात गेनबानं दह्याची दोन मडकी ठेवली. विजयमालाबाईंचं मडकं लगेच संपलं. दिगंबरपंतांनी आपलं पुढं सरकवलं. तिला दही एवढं आवडतं, हे तेहतीस वर्षांत त्यांच्या नोंदीत आलं नव्हतं.

बंडगार्डनला होडीवाला हमीद वल्हं मारता मारता म्हणाला, "साहेब, काल तर झकास गात होतात. आज गप्प का?" दिगंबरपंत लग्नानंतर गायले नव्हते, शेजाऱ्यांची तशी विनंती होती. त्या संध्याकाळी ते गायले. विजयमालाबाई पाण्यात बोटं बुडवून हसत राहिल्या.

आपल्यासारखं दिसणारं दुसरं जोडपं पुण्यात असू शकतं, हे दिगंबरपंतांना मान्य होतं. पण शास्त्र म्हणजे शास्त्र. एका मंगळवारी एम्प्रेस गार्डनला म्हणून निघायचं आणि बसस्टॉपवर बेत बदलून कात्रजच्या तळ्यावर जायचं, असा प्रयोग त्यांनी केला. तिथला माळी पाण्याची नळी हातातून न सोडता म्हणाला, "कालच्याच बाकावर बसा. तिथं सावली असते."

सावली खरंच होती.

खरं तर भीती वाटायला हवी होती. पण कालचा दिगंबरपंत माणूस चांगला होता. सावली कुठं आहे ते त्याला माहीत होतं. बायकोनं न सांगता तो गजरा घेत होता, हे गजरेवालीकडून कळलं होतं. त्याच्याहून आपण एका दिवसानं मागे आहोत इतकंच, असं ठरवून दिगंबरपंत त्याच्या पावलावर पाऊल टाकत गेले. पेशवे पार्कात, काल बसले होते म्हणून, लहान मुलांच्या आगगाडीत इंजिनालगतच्या डब्यात गुडघे हनुवटीला लावून बसले. त्याही दिवशी गजरा घेतला.

"काय हो, निवृत्त झाल्यावर माणूस इतका बदलतो?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"शक्यता आहे," हवामान खात्यानं उत्तर दिलं.

एकतीस तारखेला सकाळी चहा घेताना दोघांनी महिना पुन्हा एकदा फिरून पाहिला. दही, होडी, सावली, आगगाडी.

"लग्नानंतरचा पहिला महिनाही इतका बरा गेला नव्हता," विजयमालाबाई म्हणाल्या. मग न्यायबुद्धीनं जोडलं, "अर्थात तेव्हा सासूबाई होत्या."

शेवट सिनेमानं करायचा ठरला. दुपारचा तीनचा खेळ. थिएटरात पुरुषांची खिडकी वेगळी, बायकांची वेगळी, मध्ये भिंत. आत माणूस मात्र एकच. दोघांनी दोन रांगा धरायच्या आणि आधी पोचेल त्यानं दोन्ही तिकिटं काढायची, ही पुण्याची रीत. त्या दिवशी दोघंही एकदमच पोचले, आणि भिंतीमुळे ते दोघांनाही कळलं नाही.

"दोन?" आतला माणूस दिगंबरपंतांना म्हणाला. "काल एकच घेतलंत. बाई कुठं विचारलं, तर ऐकू न आल्यासारखं केलंत."

दिगंबरपंतांचा हात खिडकीतच राहिला.

"आज दोन द्या," ते म्हणाले.

तिकिटं फाडून तो पलीकडच्या खिडकीकडे वळला. दिगंबरपंत तिथंच उभे होते. आतून त्याचाच आवाज आला, "बाई, दोन कशाला? काल एकट्याच आला होतात. साहेबांचं विचारलं, तर काही बोलला नाहीत."

पलीकडे खिडकीत पैसे ठेवल्याचा आवाज आला.

"आज दोन द्या," विजयमालाबाई म्हणाल्या.

पोस्टरखाली दोघं भेटले. चार तिकिटं झाली होती.

"काय म्हणाला?" दिगंबरपंतांनी विचारलं.

"कुठं काय. पंखे बंद आहेत म्हणाला. तुम्हाला?"

"तेच."

जास्तीची दोन परत करू, असं दोघंही म्हणाले नाहीत.

चारही खुर्च्या ओळीनं होत्या. दोघं वाटेकडच्या दोनांवर बसले. खुर्च्या स्प्रिंगच्या, माणूस उठला की बसायची फळी खट्कन वर जायची. अंधार झाल्यावर दिगंबरपंतांनी हात पुढं केला. तिचा हात अर्ध्या वाटेवर आलेला होता. पडद्यावर काय चाललं होतं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

मध्यंतराला दिवे लागले.

पलीकडच्या दोन खुर्च्यांपैकी लांबची वर मिटलेली होती. जवळची खाली होती.

तिच्यावर कुणी नव्हतं. पिशवीही नव्हती.

स्प्रिंग गंजली असेल, दिगंबरपंतांना वाटलं. फळीला हात लावला असता तर कळलं असतं. त्यांनी लावला नाही.

इतक्यात एक उशिरा आलेला माणूस दाण्यांची पुडी घेऊन वाटेत उभा राहिला.

"ती लांबची रिकामी आहे का?"

"आहे."

"जरा पाय घ्या," म्हणत तो दोघांपुढून सरकला. मग त्या खाली असलेल्या खुर्चीपाशी थांबला. "जरा पाय घ्या," पुन्हा म्हणाला, क्षणभर वाट पाहिली, पुढं गेला आणि लांबच्या खुर्चीवर बसला.

खुर्चीवर पुरुष आहे की बाई, दोघांपैकी मागे कोण उरलं, एवढंच दोघांना त्याला विचारायचं होतं.

विजयमालाबाई विचारणार तोच दिवे गेले.

त्या माणसानं शेजारी पुडी धरली. "घ्या ना." मग आवाज उतरवून, "आपल्याला बरं वाटत नाही का?"

विजयमालाबाईंनी दोन्ही हातांनी दिगंबरपंतांचे कान घट्ट झाकले. त्यांचे हात तिच्या कानांवर आधीच पोचले होते.

पुढच्या रांगेतल्या दोन बाया मागे वळल्या, आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे कणवेनं पाहत राहिल्या.