मागे पडलेली लाट

लोस बान्योस गावातल्या त्या प्रयोगशाळेत माणसांपेक्षा अमीबांचीच हजेरी चोख. मातीतले हे जीव पोट भरलेलं असेतो एकमेकांना ओळखही देत नाहीत. उपासमार झाली की एखादी पेशी हाक घालते, बाकीच्या सरकत येऊन तिला चिकटतात. मग काही मरून देठ होतात आणि उरलेल्या त्यांच्या डोक्यावर चढून बीज होतात. मरायचं बहुधा तिनं, जिचं पोट आधीपासूनच थोडं रिकामं.

"म्हणजे आपलाच विभाग," इसागानी म्हणायचा. अकरा वर्षं या पेशी त्यानंच सांभाळल्या. डावा पाय ओढत तो यायचा. ठक्, मग रेंगाळून घस्स. मार्चमध्ये तो वारला. जूनमध्ये विभागप्रमुख डॉ. बुएनाफेंनी या पेशींवरच्या शोधनिबंधातून त्याचं नाव काढून तिथं त्याच्या मदतनीस लिगायाचं घातलं.

"मेलेल्याला बढती लागत नाही, लिगाया. तुला लागते. जेवणाआधी सही कर."

लिगाया शेवटची तपासणी करत होती. पेशींच्या हाकेची लाट दर सहा मिनिटांनी उठायला हवी. एका बशीत चार मिनिटांनी उठली, पुढची आठांनी. पुन्हा चार. पुन्हा आठ.

"एखादी पेशी मंद असेल," शेजारच्या टेबलावरची मारिबेल म्हणाली. "एक लंगडी पुढं झाली की अख्खी वरात लंगडते. फेक ती बशी."

लिगायानं फेकली. दुसऱ्या बाटलीतल्या पेशी घेतल्या. चार, आठ.

परगावाहून आलेलं, इसागानीनं कधी न पाहिलेलं पेशींचं पुडकं फोडलं. चार, आठ.

तिनं लाटांची चित्रफीत वेगानं फिरवली. आवाज नव्हता. तिला तो लागलाही नाही; ठक्, मग रेंगाळून घस्स, ही चाल तिच्या ओळखीची होती.

ती उठून डॉक्टरांकडे गेली. "सर, त्याचं नाव राहू द्या."

"विभागाकडून तीनच नावं जातात. त्याचं ठेवू की तुझं? तूच सांग."

लिगायानं पेनाचं टोपण काढलं.

मग सही केली.

दुपारच्या चित्रफितीत लाटा सरळ होत्या. सहा. सहा. सहा.

"बघ, मिटलं," मारिबेल म्हणाली. "चल, सरांनी नारळाचं सारण भरलेला पाय-केक आणलाय. उशीर केलास तर नुसती कड उरेल."

दोघी व्हरांड्यातून निघाल्या. मारिबेल चार पावलं पुढं जाऊन थांबली.

"पाय मुरगळला का गं?"

"नाही. का?"

लिगायानं खाली पाहिलं. गेल्या रविवारी घेतलेल्या सँडलपैकी डाव्याचं टोक घासून घासून पार गेलं होतं.