तीनदा ठोकलं की नळ बंद

अख्ख्या पांगानी गावात माझ्याइतकी शिकलेली मूर्ख बाई दुसरी नसेल. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना तुम्ही मला अडवायला नको.

मी शाळेत सहावीला विज्ञान शिकवते. वाफेचं पाणी कसं होतं ते फळ्यावर काढून दाखवते. खाली पातेलं, वर जाणारे बाण, झाकणाला लटकलेले थेंब. पोरं म्हणतात, सिवेमाबाईंचं पातेलं फार छान येतं. तर हेच पातेलं मी एकदा एका म्हाताऱ्या बाईला कागदावर काढून दिलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

ही बाई म्हणजे बी म्वाका; आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला 'बी' म्हणतात. आमचं घर दोन मजल्यांचं, नदी समुद्राला मिळते तिथल्या धक्क्याजवळ. खाली ती एकटी, वर मी एकटी. पहाटे उठून ती विटुंबुआ करायची. तांदूळ आणि नारळाचं पीठ, आपल्या आप्प्यांसारखे खळग्यांच्या तव्यात टाकायचे. धक्क्यावरच्या होडीवाल्यांना विकायच्या आधी दोन गरमागरम वर माझ्याकडे. रोज. न चुकता.

आणि माझं बाथरूम रोज न चुकता तिच्या डोक्यावर गळायचं.

दोष निळ्या टाइलचा. माझ्या भावानं मस्कतहून पाठवलेल्या, आकाशासारख्या निळ्या. पाहुणे आले की मी आधी बाथरूम दाखवायची, मग बसायला सांगायची. टाइल बसल्यावर महिन्याभरात बी म्वाकाच्या छताला हाताएवढा ओला डाग आला. ती वर आली, धापा टाकत.

"सिवेमा, तुझं पाणी उतरतंय गं खाली."

मला कळलं होतं. पण गळती शोधायची म्हणजे टाइल फोडायच्या. मी कागद घेतला, पातेलं काढलं, बाण काढले. म्हटलं, "बी, ही वाफ आहे. तुझ्याच स्वयंपाकाची. खिडकी उघडी ठेवत जा."

तिनं कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला. "तू शिकलेली आहेस बाई," म्हणाली, आणि गेली. ही गोष्ट तिला माहीत आणि मला. तिसऱ्या कोणाला मी आजवर सांगितली नव्हती.

खिडकी ती उघडी ठेवायला लागली. थेंब पडायचे ते पडतच राहिले. मग तिनं थेंबाखाली एक वाडगा ठेवला, आणि आमच्यात न बोलता एक रीत पडली. गळायला लागलं की ती उखळातलं मुसळ घेऊन छताला तीनदा ठोकायची. टक, टक, टक. मी नळ बंद करायचा. शिवाय अंगणातून तिची हाक यायची, "अगं, तुझ्या अंघोळीत माझा वजू उरकला! आता नमाज पण तूच पढ माझ्या वाटची!" मी हसायची. वाफेच्या पाण्यासाठी माझा नळ का बंद करायचा, हे तिनं कधी विचारलं नाही. मी तर कशाला विचारीन?

दोन वर्षं.

मग एक दिवस मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. मी केसांना मेंदी लावून बसले होते, आणि धुवायला भरपूर पाणी सोडलं होतं. टक, टक, टक. म्हटलं, थांब जरा. पुन्हा टक, टक, टक. डोळ्यांत मेंदी गेली होती. म्हटलं, थांब ना गं. मग टकटक थांबली. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं.

लग्नाहून आले तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. बी म्वाका ओल्या जमिनीवर घसरली होती. वाडगा पालथा, मुसळ हातातच. तिसऱ्या दिवशी ती गेली. सगळे म्हणाले, वय झालं होतं. मीही म्हटलं, वय झालं होतं. माझे केस काय सुंदर लाल दिसत होते तेव्हा.

आमच्याकडे मयताला घरातच न्हाऊ घालतात. बाजेखालच्या जमिनीत माणसाच्या लांबीचा चर खणायचा, न्हाणाचं पाणी त्यातच मुरवायचं, वर माती भरायची. त्या पाण्यावर कोणाचा पाय पडता कामा नये. पुरुषांनी खणायला घेतलं. चुन्याची जुनी जमीन, पहार आत जाईना. मग एकजण म्हणाला, "इथं खणा, इथं मऊ आहे." तो डागाखालचा कोपरा होता. दोन वर्षं माझ्या पाण्यानं भिजवलेला.

पाणी घालायला मला बसवलं, जवळची शेजारीण म्हणून. कापूर आणि बोरीच्या पाल्याचं पाणी. मी तांब्यानं तिच्यावर पाणी ओतत होते. पुन्हा.

उचलायच्या आधी तिचा भाऊ दारात उभा राहिला. रीतीप्रमाणे म्हणाला, "हिनं कोणाला दुखावलं असेल तर माफ करा." सगळे म्हणाले, केलं. मीही म्हटलं, केलं. मी तिला माफ केलं, बघा. केवढं माझं मन!

चाळिसावा दिवस झाला. तिची भाची रिझिकी खाली राहायला येणार असं कळलं. सातवा महिना लागलेला, नवरा बोटीवर. पोटुशी बाई, त्याच जमिनीवर चालणार. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि सकाळी मी शेबे मिस्त्रीला बोलावलं.

शेबे मिस्त्री म्हणजे बोलायचे कष्ट वाचवणारा माणूस. त्यानं पहिली निळी टाइल उचकटली आणि खाली बोट घातलं.

"ह्या कोणी बसवल्या?"

"भावानं एक माणूस पाठवला होता."

"माणूस होता? मला वाटलं बकरी." बोटावरची ओली रेती त्यानं मला दाखवली. "खाली काही नाही बाई. टाइल, मग रेती, मग खालच्याचं डोकं."

मी फक्त "हं" म्हटलं.

पाच दिवस त्यानं काम केलं. सगळ्या टाइल काढल्या, जमिनीला मोरीकडे उतार दिला, भिंतीच्या कोपऱ्यांत सिमेंट गोलाकार भरलं, मग काळं डांबरासारखं काहीतरी दोनदा फासलं, भिंतीवरही गुडघ्यापर्यंत. वाळल्यावर मोरीत चिंध्यांचा बोळा घट्ट कोंबला आणि चार बोटं पाणी भरलं. पाण्याच्या काठाला भिंतीवर कोळशानं रेघ मारली.

"दोन दिवस हात लावायचा नाही. रेघेखाली गेलं तर माझं काम फुकट. आणि खाली जाऊन छत बघा. वर बघून काही कळत नसतं."

त्याच संध्याकाळी रिझिकी किल्ली द्यायला आली, म्हणाली, सामान यायच्या आधी खिडक्या उघडून ठेवाल का? मग उंबऱ्यातच रेंगाळली.

"सिवेमाताई, एक विचारू? आत्याच्या छताला पाणी कुठून येत होतं?"

आता तुम्ही म्हणाल, सांगायचं ना. मीही तेच म्हणते. पण तोंडातून बाहेर आलं ते असं, "जुनं घर गं. समुद्राची हवा. मिठानं भिंती पाझरतात." आणि वर, "मी मिस्त्री लावलाय हो, आपलं माझ्या बाजूनं."

"किती करता तुम्ही," रिझिकी म्हणाली, आणि माझा हात धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आले. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. वारा पडला होता. मी पाणी बघितलं, रेघेला बरोबर चिकटलेलं. सगळे नळ बंद. जरा आडवी झाले.

टक. टक. टक.

खालून. मुसळ छताला लागतं तसा, आधी चुन्याचा भुसभुशीत आवाज, मग लाकडाचा.

मी उठून बसले. सवय अशी वाईट... मी नळाकडे धावले. बंदच होता. तरी पिळला. आणि पाणी पाहिलं तर रेघेखाली दोन बोटं उतरलेलं.

टक. टक. टक.

किल्ली माझ्याकडेच होती. खाली उतरले. आत दुपार असून अंधार, झडपा लावलेल्या. कोंदट वास असेल वाटलं होतं. तसा नव्हता. कापराचा होता. बोरीच्या पाल्याचा.

आधी छत बघितलं. मिस्त्रीचं ऐकलं ना. छत कोरडं ठणठणीत. डाग वाळून पिवळा पडलेला, एक थेंब नाही. पण त्या डागाच्या बरोबर खाली जमिनीवर पांढरा चुना सांडला होता, ताजा, चिमूटभर, जसा ठोकल्यावर पडतो.

आणि चुन्याच्या भोवती जमीन ओली होती. सगळी नाही. जिथं चर खणून बुजवला होता तेवढीच. लांब, अरुंद, डोक्याकडे जरा रुंद. पाणी वरून पडलं नव्हतं. ते खालून वर येत होतं, हळूहळू, माती काळी करत, माझ्या चपलेपाशी.

मी मागे सरले. त्या पाण्यावर पाय पडायला नको ना. एवढी रीत मला माहीत.

खरं सांगते, मी बोलायला गेले होते. "बी, पाणी माझंच होतं. तू ठोकलंस ते मी ऐकलं होतं." एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि माझाच आवाज मला ऐकू आला.

"बी... खिडकी उघडू का?"

ओल वाढायची थांबली. एखाद्यानं ऐकलं, आणि मान फिरवली, असं काहीतरी.

वर आले. पाणी रेघेवर. बरोबर रेघेवर.

सकाळी शेबे मिस्त्री आला, वाकून बघितलं, बोळा काढला. "पक्कं झालं," म्हणाला. मी नव्या टाइल साध्या पांढऱ्या लावायला सांगितल्या. कोणाला दाखवाव्याशा वाटणार नाहीत अशा.

रिझिकी राहायला आली. खाली जमीन कोरडी, छत कोरडं. ती रोज मला दुवा देते. आत्याचाच तवा काढून पहाटे विटुंबुआ करते, आणि रोज, न चुकता, दोन गरमागरम वर पाठवते. मी ठरवते, आज सांगू. मग बशी परत द्यायला जाते, तिच्या पोटाकडे बघते, आणि म्हणते, "नारळ छान पडलाय गं."

ती राहायला आल्याचा आठवा दिवस होता. सकाळी केस विंचरत बिछान्यावर बसले होते, मानेवर गार काहीतरी पडलं. वर बघितलं. माझ्या छताला, बिछान्याच्या बरोबर वर, हाताएवढा ओला डाग.

माझ्या वर कोणी राहत नाही. माझ्या वर लाकडी छत, मग हातभर पोकळी, मग पत्रा. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते. आठवडाभर चूलही पेटवली नव्हती. सकाळी रिझिकीचे विटुंबुआ, दुपारी शाळेतलं जेवण, रात्री भूक कुठली.

मी वाडगा ठेवला. टप... टप. तास झाला, थांबेना. मग मी काय केलं असेल? हसू नका. झाडूचा दांडा घेतला, बिछान्यावर चढले आणि छताला तीनदा ठोकलं.

टप.

पुन्हा तीनदा ठोकलं. पाय घसरत होते, बिछाना ओला होता. वर कोणालातरी ऐकू जात होतं. कसं कळलं ते विचारू नका, मी दोन वर्षं तशीच ऐकत होते. ऐकू जात होतं, आणि नळ कोणी बंद करत नव्हतं.

मी उतरले, जपून, भिंत धरून. शेबे मिस्त्रीला आणलं. तो शिडी लावून पत्र्यावर गेला, पोकळीत डोकं घातलं, बराच वेळ आत राहिला. खाली आला तेव्हा त्याचे हात धुळीनं कोरडे होते. डागाला बोट लावलं, हुंगलं, बोट सदऱ्याला पुसलं.

"कुठून येतंय, शेबे?" मी विचारलं. "खरं सांग."

तो शिडी खांद्यावर घेत म्हणाला, "वाफ आहे, बाई. तुमच्याच स्वयंपाकाची. खिडकी उघडी ठेवत जा."