नवव्या लाइनीवरचं पाणी

लाइट येईपर्यंत सांगतो. कंदील असू द्या तसाच. यात भूत कोणाला दिसलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. कृष्णकांत माझा कॉलेजातला सोबती. त्यानं मला हे एकदाच सांगितलं. कुठं काही चुकलं तर दोष माझ्या आठवणीचा समजा.

साल एकोणीसशे शहाऐंशी, पोळ्याचा दिवस. सकाळी कृष्णकांत नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून टेपचा एक डबा सोडवून घेऊन निघाला. बरोबर त्याची धाकटी बहीण जयवंता होती. मौद्याच्या अलीकडे, कन्हान नदीच्या काठी पिपळटोली म्हणून वस्ती होती, तिथं तिचं सासर. बैलांसाठी माळा आणि घुंगरू घ्यायला ती पहाटेच इतवारीच्या बाजारात आली होती. तिला बसमध्ये बसवून द्यायचं आणि मग ऑफिसात जायचं, एवढंच काम.

"हे काय घेतलं गा भाऊ? पापडाचा डबा?"

"ऑफिसच्या यंत्राचा प्रोग्राम आहे यात. आज रात्री बदलायचा आहे."

"कोणतं यंत्र? ते खोटं बोलते, तेच का?"

ती हसत म्हणाली खरी, पण कृष्णकांतला हसू आलं नाही. तो पुराचा अंदाज काढणाऱ्या एका ऑफिसात होता. नदीवर जागोजागी ठाणी होती. प्रत्येक ठाण्यावरचा माणूस पाण्यातल्या खांबावरची उंची बघायचा आणि आकडा बटणं दाबून पाठवायचा. तो आकडा नागपूरच्या यंत्रावर छापून निघायचा. आदल्या पावसाळ्यात यंत्रानं एक भलताच आकडा छापला. कृष्णकांतनं मौद्याला पोलिसांना फोन केला. जीपा गेल्या, रातोरात नदीकाठची माणसं शाळेत नेऊन बसवली. पाणी आलंच नाही. शाळेच्या ओल्या ओसरीवर एक म्हातारा गारठून मेला. तो जयवंताचा सासरा. तिचा नवरा तेव्हापासून कृष्णकांतशी बोलत नव्हता.

"आज ये न घरी," ती खिडकीतून म्हणाली. "पोळ्याच्या दिवशी कोणी तोंड फिरवत नाही. ते बोलतीन."

"रात्रपाळी आहे वं. सुट्टीमुळे ऑफिस रिकामं असतं, म्हणून तर आजचा दिवस ठरला."

"मंग उद्या तान्ह्या पोळ्याले ये. पोरं लाकडी बैल घेऊन तुह्यी वाट पाहून राहिले."

"उद्या येतो."

बस गेली.

आता त्या रात्रीचं काम काय होतं ते ऐका. यंत्रात एक प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. यंत्र सुरू झालं की सगळ्यात आधी तो जागा होतो आणि सगळ्यात शेवटी झोपतो. डिस्क, छापखाना म्हणजे प्रिंटर, वायरीतून येणारा निरोप, सगळं त्याच्या हातातून जातं. कोणाचं ऐकायचं तेही तोच ठरवतो. जुना कर्नल फक्त आठ लाइनी, म्हणजे आठ ठाण्यांच्या वायरी, ऐकू शकत होता. पुढच्या वर्षी ठाणी वाढणार होती, म्हणून सोळा लाइनी ऐकणारा नवा कर्नल टेपवर आला होता.

पावसाळ्यात असलं काम करू नये, हे कृष्णकांतनं साहेबांना दोनदा सांगितलं होतं. साहेब म्हणाले, आकाश कोरडं आहे, उरकून टाका.

कृष्णकांत भित्रा माणूस. असल्या कामाला भित्राच माणूस बरा. त्यानं आधी अख्खी डिस्क दुसऱ्या टेपवर उतरवली आणि ती टेप परत वाचून पाहिली. जुना कर्नल पुसला नाही. त्याची प्रत वेगळ्या नावानं बाजूला ठेवली. नव्याला तिसरंच नाव दिलं. यंत्र बंद करण्याआधी 'सिंक' असा हुकूम द्यायचा, म्हणजे अधांतरी असलेलं सगळं डिस्कवर उतरतं. एकदा दिला तरी पुरतो. पण त्या धंद्यातला कोणीही तीनदा दिल्याशिवाय उठत नसे. कृष्णकांतनंही तीनदा दिला. यंत्र बंद केलं, चालू केलं. यंत्रानं विचारलं, कोणाला उठवू? त्यानं नव्याचं नाव टाइप केलं. बिघडलंच, तर पुढच्या वेळी जुन्याचं नाव टाइप करायचं. परतीची वाट राखून ठेवलेली.

नवा कर्नल उठला. बारा वाजता आठही ठाण्यांचे आकडे छापून आले. पाणी सगळीकडे साधारण. शेजारच्या खोलीतून वायरलेस सांभाळणारा वामनराव डबा घेऊन आला.

"झालं का सायेब बाळंतपण?"

"झालं. सकाळपर्यंत नजर ठेवायची, मग नाव कायम करायचं."

"मंग करंजी खा. घरवालीनं तुमच्यासाठी दिली."

दोघं खात असतानाच छापखाना पुन्हा वाजला.

एकच ओळ. लाइन नऊ. ठाणं खैरघाट. पाणी सहा मीटर.

कृष्णकांत उठला, यंत्राच्या कपाटाचं बाजूचं दार उघडलं, बॅटरी मारून पाहिलं. आठ खाचांत आठ वायरी. नववी खाच रिकामी.

"खैरघाट काहून आलं?" वामनराव म्हणाला. "ते त बंद आहे. रुपराव वाहून गेला तवापासून."

रुपराव म्हणजे तिथला आकडे घेणारा. तीन पावसाळ्यांपूर्वी खांब बघायला रात्री उतरला होता. सापडला नाही. ठाणं उठवलं. सामान मौद्याच्या गोदामात पडून होतं.

"नव्या प्रोग्रामात काही चूक असेल," कृष्णकांत म्हणाला. "रिकाम्या लाइनीवर कचरा येतो कधी कधी."

"कचऱ्याले ठाण्याचं नाव ठाऊक राह्यते का?"

छापखाना वाजला. खैरघाट. साडेसहा.

ठाणी तासातून एकदा आकडा पाठवत. ही ओळ पाच मिनिटांत आली होती.

वामनराव धावत वायरलेसवर गेला. खैरघाट ज्या ओढ्यावर, तो कन्हानला मिळतो. मिळतो त्याच्या वर एक ठाणं, खाली एक. दोन्हीकडची माणसं जागी होती. आवाज ऐकू येत होता… "पाणी साधारण आहे जी. आभाळ मोकळं. चांदण्या दिसून राहिल्या."

छापखाना वाजला. सात मीटर.

पिपळटोली त्या ओढ्याच्या तोंडापासून खाली. कृष्णकांतनं फोन उचलला. मौद्याचं पोलीस ठाणं… ट्रंक कॉल… ऑपरेटर म्हणाली, नंबर बोला.



काय सांगणार होता? कोणी पाहिलं पाणी? कोणत्या वायरीनं कळवलं? पुन्हा जीपा, पुन्हा ती ओसरी. पोळ्याची रात्र. दमून निजलेली माणसं, लेकरं. जयवंताच्या घरात, तिच्या नवऱ्याशी आता कुठं बोलणं व्हायचं होतं…

"नंबर बोला," ऑपरेटर म्हणाली.

त्यानं फोन ठेवला.

"जुनं लावा सायेब," वामनराव दारातून म्हणाला. आत यायला तयार नव्हता. "मी हात जोडतो. हे आयकू नका. जुनं लावा."

नियमही तेच सांगत होता. नव्यात न समजणारं काही दिसलं, तर परत फिरायचं. कारण नंतर शोधायचं.

साडेसात.

आठ.

त्यानं सिंक दिलं. एकदा. दुसऱ्यांदा. हात थांबला.

छापखाना वाजला. साडेनऊ. खैरघाटच्या खांबावर नऊ मीटरपर्यंतच खुणा होत्या. त्यावर पाणी गेलं, तर कोणालाही आकडा वाचता येत नाही.

तिसऱ्यांदा सिंक.

यंत्र बंद. चालू. कोणाला उठवू? त्यानं जुन्याचं नाव टाइप केलं.

मग… काही नाही. आठ लाइनी. पाणी साधारण. एक वाजता साधारण. दोन वाजता साधारण. दोघं एकमेकांकडे न बघता बसून राहिले. नववी लाइन आता ऐकायलाच कोणी नव्हतं.

पहाटे चारच्या आकड्यांत खालचं ठाणं आलं नाही.

वर जंगलात कुठेतरी ढग फुटला होता. ओढ्याचं पाणी एकदम आलं आणि नदीला मिळालं. वरच्या ठाण्याला त्याचा पत्ता लागणं शक्य नव्हतं. खालच्या ठाण्याला कळलं, तेव्हा ठाणंच राहिलं नव्हतं. पिपळटोलीत नदीकडून पहिलं घर जयवंताचं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी कृष्णकांत तिथं गेला. घर कुठं होतं, ते एका म्हातारीनं हातानं दाखवलं. तिथं गाळ होता. नवरा, ती, दोन्ही पोरं. कोणी सापडलं नाही.

चौकशी झाली. कर्नल बदलण्याचं काम निर्दोष, अशी नोंद झाली. कुठंही चूक नव्हती. नवी टेप तज्ज्ञांनी तपासली, तिच्यात खैरघाटचं नाव नव्हतं. छापलेला कागद त्यांनी नेला, तो परत आला नाही. ठाणी वाढवण्याचं कामही बारगळलं, ऑफिसात जुनाच कर्नल चालू राहिला.

कृष्णकांतनं नोकरी सोडली नाही. लोक म्हणायचे, कसला माणूस आहे. तो स्वतःहून मागून रात्रपाळी घ्यायचा. सगळे गेले की तीनदा सिंक द्यायचा, यंत्र बंद करायचा आणि नव्या कर्नलला उठवायचा. मग नवव्या लाइनीसमोर बसायचा. रुपरावचा नाही तर आणखी कोणाचा… एखादा आकडा येईल म्हणून. चार वर्षं बसला. नववी लाइन एकदाही बोलली नाही. उजाडायच्या आत तो जुन्याला उठवून ठेवायचा.

मग ते यंत्र मोडीत निघालं. मे महिना होता. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडक्या कायम बंद, आत थंड हवेचं मशीन. हमालांनी यंत्राचं ते कपाट भिंतीपासून ओढलं आणि त्यांच्यातला एक म्हणाला, "सायेब, इथं पाणी कधी भरलं होतं?"

कपाट आतून कोरडं होतं, गंज नाही, डाग नाही. पण त्याच्यामागच्या भिंतीवर, कमरेइतक्या उंचीवर, एक आडवी रेघ होती. पूर उतरल्यावर घरांच्या भिंतींवर राहते तशी. तिच्याखाली सगळा पिवळा गाळ. गाळात काड्या, एक वाळलेलं पान.

कृष्णकांत जवळ गेला. बोट लावलं.

गाळ ओला होता.