आठ जणांची फेरी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. लॉरी माऊट तीस वर्षं माझ्याबरोबर फेरीबोटीवर होता आणि खोटं बोलायचाही त्याला कंटाळा. त्यानं सांगितलं तसं सांगतो.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सतरा जानेवारी, रात्रीचे दोन वाजून वीस मिनिटं. लॉरीचा बाप गिबी, वय त्र्याण्णव, आठ महिने अंथरुणाला खिळलेला. त्याला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, सगळं लॉरीच करायचा. झोप दोघांनाही नव्हती, कारण म्हातारा रोज रात्री एकच विचारायचा, "लॉरी, ऐकलंस का रे?"

काय ऐकायचं ते लॉरीला पाठ होतं. महायुद्धात, अशाच जानेवारीत, पाण्यावर उतरणारं एक लष्करी विमान धुक्यात आपल्या खाडीच्या तोंडाशी कोसळलं. आत आठ जण. तासभर हाका येत होत्या. बारा वर्षांचा गिबी होडी सोडायला धावला, तर त्याच्या बापानं त्याला दारातच धरून ठेवलं. समुद्राच्या तोंडातला घास काढला की तो घरातलं माणूस मागतो, अशी तेव्हा आपल्या शेटलंड बेटांवर समजूत. मग हाका थांबल्या. एकही सापडला नाही.

"वारा आहे, बाबा. झोपा."

"वारा नाव घेऊन हाका मारत नाही."

लॉरी पासष्टीचा. जीव नुसता मेटाकुटीला आलेला. "मी जाऊन बघून येतो. कोणी नसलं तर झोपाल?"

"असले तर घेऊन ये," म्हातारा म्हणाला.

काय रे? प्यायला होता का? चहा. तोही गार झालेला.

लॉरीनं कंदील घेतला, होडी सोडली. खाडीच्या तोंडाशी गेला. पाणी गप्प. बापाला, आजोबाला, स्वतःला शिव्या घातल्या आणि दम खायला वल्ही आत ओढली.

होडी कलली. सावरली. जराशी खाली बसली.

मग पुन्हा...

लॉरी मोजत होता. आठ वेळा.

पाणी काठाला टेकलं. समोरची फळी रिकामी. कंदिलात स्वच्छ दिसत होती.

तो वल्हवायला लागला. निम्म्या वाटेत हातातलं बळच गेलं. रडू आलं. "नाही रे जमत मला," म्हणाला. वल्ही मांडीवर घेऊन बसला.

होडी थांबली नाही.

पाठीमागून आवाज. छप... छप... होडीत वल्ह्यांची जोडी एकच होती.

त्यानं वळून बघितलं नाही.

धक्क्याला लागल्यावर होडी हलकी होत गेली. एक... दोन... आठ.

घरी आला, तर म्हातारा घोरत होता. लॉरी बुटांसकट खुर्चीत पडला.

सकाळी लर्विकची नर्स इंगा चादर बदलायला आली. तिच्या ओरडण्यानं त्याला जाग आली.

"लाज नाही वाटत, लॉरी? या वयात म्हाताऱ्याला कसल्या कामाला जुंपलंस?"

तिनं गिबीचे दोन्ही तळवे उताणे करून दाखवले. बोटांच्या मुळाशी फोड. ताजे. दोन फुटलेले.

लॉरीनं स्वतःचे हात बघितले. फोड अगदी त्याच जागी होते.