सात हिरवे बांबू

खोटं बोलायलाही अंगात थोडी ताकद लागते. माझ्यात तीही उरलेली नाही. म्हणून घडलं तसं सांगतो.

मी परांची बांधतो. इमारतीला रंग द्यायचा असला की बाहेरून बांबूंचा सांगाडा उभा करतात, ते माझं काम. शिकवलं सख्ख्या मामांनी. बावीस वर्षं आमची जोडी. ते खालच्या टप्प्यावरून बांबू द्यायचे, मी वर बांधायचो.

मामांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

गेल्या वर्षीचा एक मंगळवार. भर दुपार. चार मजली शाळा, सुट्टीमुळे रिकामी.

नवा जोडीदार तापाने घरी पडलेला. तीन दिवस मी एकटाच. खाली उतरायचं, बांबूला दोर बांधायचा, वर चढायचं, ओढायचं. परांचीचा बांबू मोठ्या जातीचा असतो. मनगटाहून जाड, आतून जवळजवळ भरीव. माणसाचा भार सहज पेलतो, पण ओढताना जीव काढतो.

तिसऱ्या मजल्यावर मी कपाळ बांबूला टेकवलं. उतरायचं त्राणच नव्हतं.

वारा पडला...

खालून आवाज आला. ठक... ठक.

मामा बांबू देण्याआधी असाच ठोकायचे. "घ्या, भाचेराव!"

सवयीने मी न बघताच हात खाली केला.

हातात बांबू आला.

मी बांधला. पुन्हा ठक... ठक. पुन्हा बांबू. मी तर बडबडतही होतो, "मामा, जरा लांबडा द्या."

लांबडा आला.

सातवा बांधताना एकदम लख्ख आठवलं... मामा नाहीत.

खाली पाहिलं. पटांगणात चिटपाखरू नव्हतं. दोर गुंडाळलेला, तसाच.

पुढचं सांगायची लाज वाटते. अजून एक बांबू हवा होता, आणि उतरणं जिवावर आलं होतं. म्हणून... सगळं कळूनही मी पुन्हा हात खाली केला.

या वेळी बांबू आला नाही.

कोणीतरी माझं मनगट धरलं.

गार. घट्ट.

मग कधीतरी सुटलं. कसा उतरलो, आठवत नाही.

संध्याकाळी मुकादम आला. वर बघून म्हणाला, "हे सात हिरवे कुठून आणलेस रे? आपला माल तर सगळा वाळका!"

मी तडक मामीकडे गेलो. घरामागे मामांचं बांबूचं बेट होतं.

"मामी, बेटातून कुणी बांबू तोडले का?"

"कुठलं बेट, बाळा? फुलोरा आला आणि उभंच्या उभं वाळलं. एकदा फुललं की बांबू जातोच. हे गेले, त्याच महिन्यात."

घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणते, "अहो, झोप लागून तोल जात असेल तुमचा. मामांनी सावरलं."

असेलही.

पण ती ओढ खालच्या बाजूला होती... आणि मी इतका दमलो होतो, की हात सोडवून घ्यावासाही वाटला नाही.