न मारलेली हाक

“ये गं हौशे, ये…”

दिवेलागणीला गोठ्याच्या तोंडाशी उभं राहून आबा अशी हाक घालायचे. आधी हाक, मग बारीकसा खोकला, मग हौशी गाईच्या गळ्यातली घुंगरं. पंकजाच्या कानात ते तसंच, त्याच क्रमानं राहून गेलं होतं.

ती शाळेत असताना हौशीला विकायला आई-आबा घोडेगावच्या बाजारात गेले. सौदा झाला, हौशी टेम्पोत चढली, टेम्पो निघाला. आणि आबा त्याच्या मागं मागं चालत सुटले. आईनं हाक मारली, “अहो! अवो, ऐकलं का?” भरल्या बाजारातले कितीतरी बाप्ये वळले. आबा वळले नाहीत. नवऱ्याचं नाव ओठावर आणायचं नाही, ही आईची, रतनबाईची, रीत. ती त्या गर्दीतही मोडली नाही. आबा पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

संक्रांतीला बाया अजून चिडवत, “रतनबाई, नाव घेतलं तर जीभ झडंल व्हय?”

ती म्हणे,

“पितळेच्या घागरीला तांब्याचं झाकन,
नाव माझ्या पोटात, करते मी राखन.”

कपाळावरचं कुंकू तिनं पुसलं नव्हतं.

यंदा पंकजानं नागापूरची कंपनी सोडली, दोन गाई घेतल्या आणि मोबाईलवर गोपालनाचा कोर्स लावला. व्याख्यानं लांबलचक, पण एक सोय होती. वर शब्द टाकला की शिकवणाऱ्या मॅडम तो कोणत्या व्हिडिओत कुठं बोलल्या ते खाली उमटे. बोट ठेवलं की तिथूनच ऐकू येई. खुराक म्हटलं की खुराक, मुरघास म्हटलं की मुरघास.

एका संध्याकाळी धारा काढून झाल्यावर तिनं सहज गंमत म्हणून टाकलं: हौशी.

एक जागा सापडली.

मॅडम गव्हाणीच्या उंचीबद्दल सांगत होत्या. श्वास घ्यायला थांबल्या. त्या फटीतून, लांबून, “ये गं हौशे, ये…” बारीकसा खोकला. घुंगरं. मग मॅडम पुढं सांगू लागल्या.

चुलीपुढं रतनबाईचा भाकरी थापता हात थांबला.

“कोन हाय गं?”

“मोबाईल हाय, आई.”

“मोबाईलला खोकला येतो व्हय?”

पंकजानं आबांचं नाव टाकलं.

एक जागा. शेवटच्या व्याख्यानाच्या अगदी शेवटी.

आवाज आईचा होता. नावापाशी अडखळत आबांना नावानं हाक मारत होता. हाकेनंतर बाहेरून दाराची कडी वाजली, आणि व्हिडिओ संपला.

“मी न्हाई म्हनले,” रतनबाई कुजबुजली. “उभ्या जल्मात न्हाई. तुला ठावं हाय.”

“ठावं हाय, आई.”

तव्यावरची भाकरी करपत होती. कुणीच उलटली नाही.

पंकजानं मोबाईल बंद करून पालथा ठेवला. तरी आबांची हाक आली. गोठ्याकडून.

दोन्ही गाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या गळ्यात काहीच नव्हतं. घुंगरं वाजली.

मग हाक सरकू लागली. रस्त्याकडं. बाजाराच्या वाटेनं. बारीक. अजून बारीक.

“जाऊ दे, आई. नको.”

“त्या दिशीबी असंच चालले हुते,” रतनबाई म्हणाली.

तिनं पिठाचे हात झटकले. पदर डोक्यावर घेतला. बंद दारासमोर जाऊन उभी राहिली. कडीला हात लावला नाही.

मोबाईलमधल्या त्याच आवाजात, त्याच ठिकाणी अडखळत, तिनं हाक मारली,

“कानिफनाथ… माघारी या.”